दारावर कोण आले आहे? जनगणना, साथ आणि शिवाजी पार्कच्या रहिवाशांचे गैरसमज

गळ्यात ओळखपत्र आणि हातात मोबाइल घेऊन कोणी दारात उभे राहिले की आपल्या इमारतींत साधारण दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे "आत्ता वेळ नाही, नंतर या". दुसरी म्हणजे साखळी न काढता फटीतून दिलेली अर्धवट उत्तरे. दोन्हींच्या मुळाशी भीती किंवा कंटाळा असतो आणि त्याला खतपाणी मिळते ते ऐकीव माहितीचे. २०२० साली जनगणना आणि महासाथ एकाच वसंतात समोरासमोर आल्या, तेव्हा हा गोंधळ आणखी वाढला. आता १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार जनगणना २०२७ चे काम हाती घेतले आहे. दुसरीकडे डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोसाठी पालिकेची माणसे दर पावसाळ्यात दारोदार फिरतातच. दादर, माहीम आणि शिवाजी पार्कच्या रहिवाशांमध्ये सर्रास आढळणारे काही गैरसमज आणि त्यांमागची वस्तुस्थिती इथे मांडली आहे.

गैरसमज १ : दारावर येणारे सगळे एकाच 'सर्व्हे'चे लोक असतात.

वस्तुस्थिती : नाही, आणि बाकीचे बहुतेक गैरसमज इथूनच जन्माला येतात. जनगणनेसाठी येतो तो प्रगणक. तो बहुधा शिक्षक किंवा पालिकेचा कर्मचारी असतो, पण त्या कामापुरता तो जनगणना अधिनियम १९४८ खाली नेमलेला असतो. आरोग्य सेविका येते ती महापालिकेच्या आरोग्य खात्याकडून. पाण्याच्या टाक्या आणि कुंड्यांखालच्या बशा तपासणारे कर्मचारी कीटकनाशक विभागाचे असतात. मतदार यादीसाठी येणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) निवडणूक यंत्रणेचे काम करतो. ज्याचे काम वेगळे, त्याचा कायदाही वेगळा आणि त्याला द्यायची माहितीही वेगळी.

म्हणून पहिला प्रश्न तुम्ही विचारा: "तुम्ही कोणत्या कामासाठी आलात?" मग ओळखपत्र मागा. हा तुमचा हक्क आहे आणि खऱ्या कर्मचाऱ्याला त्याचा राग येत नाही. शंका राहिली तर पालिकेच्या १९१६ क्रमांकावर किंवा प्लाझा सिनेमामागच्या जी-उत्तर विभाग कार्यालयात चौकशी करता येते. ओटीपी, बँक खात्याचा क्रमांक किंवा पैसे मागणारा माणूस यांपैकी कोणीही नाही. त्याला आत घेऊ नका.

गैरसमज २ : जनगणनेत सांगितलेले आयकर, पोलीस किंवा पालिकेकडे जाते.

वस्तुस्थिती : जनगणना अधिनियमाचे कलम १५ याबाबत स्पष्ट आहे. प्रगणकाने नोंदवलेली वैयक्तिक माहिती कोणालाही पाहायला मिळत नाही आणि एखाद्या दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. माहिती फोडणाऱ्या जनगणना कर्मचाऱ्याला दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्यामुळे पोटमाळा, भाडेकरू किंवा पेइंग गेस्ट यांची खरी माहिती दिल्याने घरावर नोटीस येईल, ही भीती निराधार आहे.

जनगणनेचा पहिला टप्पा म्हणजे घरयादी; माणसांची मोजणी त्यानंतर होते. घरयादीसाठी ३३ प्रश्न ठरले आहेत. भिंत आणि छत कशाचे, खोल्या किती, राहणारी माणसे किती, पिण्याचे पाणी कुठून येते, शौचालय कसले, स्वयंपाकाला कोणते इंधन, इंटरनेट आहे का, घरात मुख्य धान्य कोणते खाल्ले जाते, असे ते आहेत. मोबाइल क्रमांक विचारतात तो जनगणनेशी संबंधित संपर्कापुरता. उत्पन्न त्यात विचारलेले नाही.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नाही. घरातल्या स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कायद्याने कोणावर केलेली नाही. तसेच रूढीमुळे ज्यांचे नाव घेतले जात नाही अशा पतीचे किंवा इतर व्यक्तीचे नाव सांगण्याची सक्ती स्त्रीवरही नाही. मात्र प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे बंधनकारक आहे. जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्यास किंवा उत्तर नाकारल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गैरसमज ३ : नाव गावच्या रेशनकार्डावर आहे, म्हणून मोजणीही गावालाच.

वस्तुस्थिती : जनगणनेचा रेशनकार्डाशी, मतदार यादीशी किंवा घराच्या मालकीशी संबंध नाही. माणूस राहतो कुठे, एवढेच ती पाहते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस मोजणी झाली. त्या काळात कधीही आपल्या राहत्या घरी असलेली व्यक्ती त्या घरी मोजली गेली. पूर्ण काळ बाहेर असलेली व्यक्ती जिथे होती तिथे मोजली गेली. लालबाग-परळच्या चाळीत राहणारा आणि गणपती-शिमग्याला कोकणात जाणारा माणूस मुंबईतच मोजला जातो.

कुटुंब म्हणजे काय, याचेही उत्तर सोपे आहे: एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. एका फ्लॅटमध्ये दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील, तर जनगणनेच्या लेखी ती दोन कुटुंबे. उलट, शिवाजी पार्कच्या कितीतरी घरांत एकट्या आजी-आजोबांसोबत चोवीस तास राहणारी मावशी असते. ती त्याच घरात राहते आणि जेवते, म्हणून तिचे नाव त्याच कुटुंबात येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाचे येत नाही. प्रत्यक्षात आई प्रगणकाला मुलाचे नाव अभिमानाने सांगते आणि मावशीला विसरते. पुढे साथ आली तर औषध, लस आणि खाट लागणार असते ती मावशीला.

पुनर्विकासाचाही मोठा घोळ आहे. जुन्या तीन मजली इमारती पाडून त्या जागी टॉवर उभे राहत आहेत आणि कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात गेली आहेत. त्यांनी आत्ता जिथे राहतात तिथेच नोंद द्यावी. पाडलेल्या इमारतीचा पत्ता सांगून काही उपयोग नाही.

गैरसमज ४ : ऑनलाइन भरले की दार उघडायची गरज नाही, आणि ज्यांना ऑनलाइन जमत नाही, त्यांचे राहून जाते.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धसत्ये आहेत. जनगणना २०२७ मध्ये प्रथमच स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे. घरयादीआधी पंधरा दिवस ती खुली असते. माहिती भरल्यावर एक ओळख क्रमांक मिळतो. प्रगणक आल्यावर तो क्रमांक त्याला द्यावा लागतो, तेव्हाच नोंद पूर्ण होते. ज्यांना मोबाइलवर जमत नाही, त्यांच्या घरी प्रगणक येऊन प्रश्न विचारून स्वतःच भरतो. त्यासाठी नातवाला सुटीच्या दिवशी बोलावून बसवायची गरज नाही.

दारावरचा आणखी एक वाद घर क्रमांकाचा. नुकताच रंग दिलेल्या इमारतीत प्रगणकाने चौकटीवर आकडा लिहिण्यावरून वॉचमन आणि सेक्रेटरी हुज्जत घालतात. तो घर क्रमांक लिहू देणे कायद्याने रहिवाशावर बंधनकारक आहे. तोरणाशेजारचा तो लहानसा आकडा पुसू नका.

गैरसमज ५ : फुटपाथवर राहणाऱ्यांना कोणी मोजत नाही.

वस्तुस्थिती : २०११ मध्ये २८ फेब्रुवारीच्या एका रात्री प्रगणक बेघरांच्या मोजणीसाठी बाहेर पडले होते. फुटपाथ, पुलाखालची जागा, स्थानकाचा परिसर, देवळाची पायरी, जिथे माणूस झोपतो तिथेच त्याला मोजायचे, अशी ती पद्धत. दिवसा ही माणसे कामावर पांगलेली असतात, म्हणून रात्र. दादर स्थानकाबाहेरचा फूलबाजार किंवा सेनापती बापट मार्गाच्या कडेला राहणारी कुटुंबे कुठे झोपतात हे स्थानिकांना माहीत असते. ती माहिती प्रगणकाला सांगणे, हे मंडळांच्या कार्यकर्त्यांना सहज जमण्यासारखे काम आहे.

गैरसमज ६ : साथ आली की जनगणना थांबतेच.

वस्तुस्थिती : मुंबईचा इतिहास वेगळे सांगतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस प्लेग उसळत राहिला. तरीही १ मार्च १९०१ ची जनगणना पार पडली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या त्या रात्री ७,७६,००६ भरली. मृत्यू तर झालेच होते, पण हजारो माणसे गावी निघून गेली होती. पाचच वर्षांनी, १९०६ मध्ये, पालिकेने वेगळी मोजणी केली तेव्हा आकडा ९,७७,८२२ निघाला. साथीच्या रात्री मोजलेले शहर आणि खरे शहर यांत एवढी तफावत पडू शकते.

१९११ ते १९२१ हे भारताची लोकसंख्या घटलेले एकमेव दशक. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबईतून देशभर पसरला होता. त्याने केवढा संहार केला, याचा अंदाज बांधता आला तो १९२१ च्या जनगणनेमुळे.

२०२० मध्ये निर्णय उलटा झाला. महाराष्ट्रात १ मे पासून घरयादी सुरू व्हायची होती. २५ मार्चला केंद्राने ती पुढे ढकलली. दारोदार माणसे पाठवणे तेव्हा धोक्याचे होते, म्हणून निर्णय योग्यच होता. पण त्याची किंमतही मोजावी लागली. लसीकरणाच्या काळात मुंबईची लोकसंख्या अंदाजाने धरावी लागली. बाहेरून येऊन लस घेणारेही होते. त्यामुळे पहिल्या मात्रेचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर गेलेले दिसू लागले. शंभरावर टक्केवारी म्हणजे लस न घेतलेले घरात कोणीच उरले नाही असे नव्हे. कोण उरले आहे, हे अशा आकड्यातून कळत नाही, हीच अडचण.

गैरसमज ७ : मुंबईत सगळीकडे गर्दी वाढतेच आहे, त्यात आपल्या वस्तीचे वेगळे काय मोजायचे?

वस्तुस्थिती : २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली, म्हणजे साडेसात टक्क्यांहून अधिक घट. गिरण्या बंद झाल्या, चाळी रिकाम्या झाल्या, तरुण कुटुंबे उपनगरांत आणि त्यापलीकडे गेली. उपनगर जिल्हा मात्र वाढला. एकाच जी-उत्तर विभागात शिवाजी पार्कच्या ज्येष्ठ नागरिकांची घरे आहेत आणि धारावीही आहे. दोन्हींच्या गरजा सारख्या नाहीत. एकीकडे एकटे राहणाऱ्या वृद्धांपर्यंत पोहोचायचे असते, तर दुसरीकडे एका खोलीतल्या आठ माणसांपर्यंत. वस्तीनिहाय खरे आकडे नसतील, तर दवाखाने, रुग्णवाहिका, पाणी आणि शौचालये यांचे नियोजन अंदाजपंचे होते.

गैरसमज ८ : आजार सांगितला की इमारत सील होते आणि माणूस उचलून नेतात.

वस्तुस्थिती : ही भीती जुनी आहे आणि ती उगाच जन्मलेली नाही. प्लेगच्या काळात तपासणी पथके घरांत शिरत, संशयितांना सक्तीने छावण्यांत हलवत. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. २०२० च्या सुरुवातीला कोविडचे संशयित रुग्ण सर्वांत आधी तिथेच दाखल केले गेले. सव्वाशे वर्षांत त्या आवारातून असंख्य मुंबईकर बरे होऊन घरी परतले आहेत.

१८९७ चा साथरोग अधिनियम प्लेगमुळेच आला आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने तोच वापरला. २०२० च्या दुरुस्तीने त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी तीन महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद आली. गंभीर दुखापतीसाठी ती सहा महिने ते सात वर्षे आहे. प्रतिबंधाचे नियमही अनुभवातून बदलले. सुरुवातीला पूर्ण इमारती बंद होत, नंतर मजला किंवा विंग एवढ्यापुरतेच निर्बंध राहिले. सप्टेंबर २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तापमान आणि प्राणवायू मोजून मधुमेह, रक्तदाब यांची विचारपूस दारातच झाली. ज्यांनी खरे सांगितले, त्यांना वेळेत सल्ला मिळाला.

इथे एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आरोग्य सेविकेला दिलेल्या माहितीला जनगणनेचे कलम १५ लागू होत नाही. ती माहिती उपचार आणि संपर्क शोधण्यासाठी वापरली जाते, आणि त्यासाठीच ती द्यायची असते. रुग्णाचे नाव सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा त्या उपयोगाचा भाग नाही. आजार लपवण्याची सुरुवात अनेकदा पालिकेच्या भीतीने होत नाही, शेजाऱ्यांच्या भीतीने होते.

आता काय करायचे

प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट, अंधाऱ्या वस्त्यांऐवजी रुंद रस्ते आणि हवेशीर घरे आखायची, हा विचार त्याने दादर-माटुंग्यापर्यंत आणला. १९२५ मध्ये खुले झालेले आणि दोन वर्षांनी शिवाजी पार्क हे नाव मिळालेले मैदान त्याच काळाचे अपत्य. साथीने दिलेला धडा आणि माणसांचे नीट ठेवलेले हिशेब यांतून शहर सुधारते, याचा पुरावा आपण रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसून पाहतो.

लोकांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि संदर्भक्षण १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा आहे. त्यात सर्व समाजांची जातनिहाय नोंदही होणार आहे. सर्व जातींचे तक्ते यापूर्वी शेवटचे निघाले ते १९३१ मध्ये. इतक्या वर्षांनी होणारी मोजणी अर्धवट उत्तरांवर उभी राहू नये.

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी फलकावर प्रगणकाची वेळ लावावी, वॉचमनला ओळखपत्र पाहून सोडायला सांगावे, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसोबत कोणीतरी थांबावे. प्रगणकाला पाणी विचारा, बसायला खुर्ची द्या आणि घरातल्या प्रत्येक माणसाचे, मावशीचेही, नाव खरे सांगा. आरोग्य सेविकेला आजार लपवू नका. दोघांपैकी कोण आले आहे हे आधी विचारा, आणि मग दार पूर्ण उघडा.