बिऱ्हाड, भागीदार आणि मुके जनावर

स्वर्गाच्या दाराशी पोहोचलेल्या धर्मराजास इंद्राने रथात बसण्याची विनंती केली, पण एक अट घातली. बरोबरचा कुत्रा मागे सोडावा, कारण श्वान बाळगणारास स्वर्गात जागा नाही! द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडले होते. शेवटपर्यंत सोबतीस उरले होते ते एवढे एक मुके जनावर. जो आपल्या भरवशावर इथवर आला त्यास टाकून मिळणारे सुख मला नको, असे धर्मराजाने सांगितले आणि तो दाराबाहेर उभा राहिला. महाप्रस्थानिक पर्वातील ही कथा आपल्या घरातील पोरासोरांसही ठाऊक असते. पुण्याच्या स्वारगेटाचा स्वर्गाशी काही संबंध नाही. पूर्वी तेथे घोडेस्वारांचा पहारा असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. तथापि कुत्रे किंवा मांजर घेऊन त्या भागात भाड्याचे घर शोधावयास निघालेल्या तरुणास इंद्राची ती अट दारोदार ऐकावी लागते, हे मात्र खरे. फरक इतकाच की, इंद्र परीक्षा पाहत होता. येथे ‘नाही’ म्हणजे नाहीच.

हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे पुष्कळ गृहस्थांस वाटेल. परंतु आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्यात राहतात, आणि अनेकांच्या मालकीची घरे पुण्यात भाड्याने दिलेली असतात. म्हणजे या तंट्यातील दोन्ही पक्ष बहुधा एकाच प्रकारच्या घरांतून आलेले असतात. म्हणून त्याचा विचार येथे करणे अप्रस्तुत होणार नाही.

स्वारगेटचे आकर्षण

एसटीचे मोठे स्थानक, शहर बससेवेचे आगार आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालयापर्यंत सुरू झालेली भुयारी मेट्रो, या तीन सोयी एका चौकाभोवती जमल्यामुळे परगावाहून आलेल्या मनुष्याची दृष्टी प्रथम याच भागाकडे वळते. जवळच मुकुंदनगर, महर्षीनगर, गुलटेकडी, पर्वती पायथा. टिळक रस्त्याने गेले की सदाशिव पेठेतील अभ्यासिका. इतक्या मोक्याच्या जागी एकट्याच्या पगारात स्वतंत्र घर परवडणे कठीण. म्हणून कोणी कॉट बेसिसवर एखादी खाट घेतो, तर कोणी दोघे-तिघे मिळून एक फ्लॅट घेतात. या सहवासी मंडळींस हल्लीच्या भाषेत रूम पार्टनर म्हणतात.

आपल्या एकत्र कुटुंबाच्या घरात मांजर असले तर ते कोणाचे, असा प्रश्न कधी निघत नाही. दूध आजी घालते, पोरे खेळवतात, आजारी पडले तर काका डॉक्टरकडे नेतात, आणि सारी मंडळी लग्नास गेली तरी कोणी ना कोणी घरी उरतेच. भार अनेकांवर विभागलेला असतो आणि तो पेलला जातो, कारण घरात एक वडीलधारा असतो व त्याचा शब्द चालतो. तीन तरुणांचा फ्लॅट बाहेरून अशाच कुटुंबासारखा दिसतो. एक चूल, एक न्हाणीघर, एक किल्ल्यांचा जुडगा. पण त्यास वडीलधारा नसतो, आणि उद्या सुटण्याची मुभा प्रत्येकास असते. अशा घरात ‘आपण सगळे मिळून सांभाळू’ असे म्हणून आणलेल्या पिलाची स्थिती बारभाईच्या खेतीसारखी होते. सर्वांची मालकी म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही.

घरमालक का धास्तावतात?

घरमालकांस निर्दय ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या भीतीस इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस इतके संरक्षण दिले की, पुढे पुण्यातील वाड्यांतून पिढ्यान् पिढ्या अल्प भाड्यावर बिऱ्हाडे टिकून राहिली. त्यातून सुटका म्हणून मालक भाडेपट्ट्याऐवजी नुसता परवाना देऊ लागले, तर १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस राहत असलेले परवानाधारकही भाडेकरू ठरले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा मालकास काहीसा धीर आला. त्याच्या २४ व्या कलमान्वये मुदत संपताच जागा परत मागता येते, आणि न सोडणारास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आजचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसेन्सचा करार या सर्व अनुभवांतून आलेला आहे. ज्याने एवढे सोसले तो कुरतडलेले दार, भिंतीस मुरलेला वास आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी यांचा धोका सहजासहजी पत्करील, ही अपेक्षा व्यर्थ होय. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसर भागातील एका फ्लॅटमध्ये सुमारे तीनशे मांजरे आढळल्याची बातमी गाजली. अशा एका घराची किंमत एकच मांजर पाळणाऱ्या शंभर जणांस मोजावी लागते.

येथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही गृहनिर्माण संस्थेस बहुमताने ठराव करूनही रहिवाशांच्या पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, किंवा त्यांस लिफ्ट नाकारता येत नाही. पण या सूचना संस्थांसाठी आहेत. आपला फ्लॅट कोणास व कोणत्या अटीवर द्यावा हे ठरविण्याचा मालकाचा हक्क त्यांनी हिरावलेला नाही. सोसायटीशी भांडताना उपयोगी पडणारे शस्त्र मालकापुढे बोथट ठरते. तेथे समजूत आणि लेखी करार हीच साधने होत.

भागीदारांचा हिशेब

मालक राजी झाला तरी अर्धेच काम झाले. खरा घात पुष्कळदा आतून होतो. हिशेबापुरते समजा की, भाडे २७,००० रुपये आणि अनामत तीन महिन्यांची, म्हणजे ८१,००० रुपये आहे. तिघांचा वाटा भाड्यात नऊ-नऊ हजारांचा आणि अनामतीत सत्तावीस-सत्तावीस हजारांचा. चौथ्या महिन्यात एकास बंगळुरास नोकरी लागते आणि तो आठ दिवसांत आपली अनामत मागून निघून जातो. मालक तर अनामत घर रिकामे झाल्यावरच देणार. उरलेल्या दोघांवर भाडे साडेतेरा-साडेतेरा हजारांचे येते, आणि वर त्याचे सत्तावीस हजार उभे करावयाचे! नवा भागीदार शोधू जावे तर येणारा प्रत्येक जण कुत्र्याकडे बोट दाखवून परत फिरतो. भागीदार एकटा असता तर दोन महिने ओढाताण सोसून दुसरीकडे गेला असता. पण ज्याच्याजवळ जनावर आहे त्यास असे घर पुन्हा मिळावयाचे नाही. त्याची अडचण सर्वांत मोठी, आणि म्हणूनच त्याची सावधगिरी सर्वांत अधिक हवी.

कायदा याबाबतीत काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार अनेकांनी मिळून वचन दिले असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर सारी रक्कम त्यांपैकी कोणा एकाकडूनही वसूल करता येते. ज्याने भरली त्याने मग इतरांकडून त्यांचे वाटे मागावयाचे. म्हणजे तिघांच्या सह्या असल्या तर पळालेल्याचा वाटा राहिलेल्याने भरावा लागेल, पण त्याच्याकडे तो मागण्याचा हक्क शाबूत राहील. उलट करारावर एकट्याचीच सही असेल आणि बाकीचे दोघे स्नेही म्हणून राहत असतील, तर मालकाच्या दृष्टीने ते दोघे परकेच. यावरून बोध असा की, राहणारे जितके तितक्या सह्या असाव्यात.

याशिवाय भागीदारांनी आपसांत एक कागद करावा. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणारे हटकून भेटतात. पण कागदाने मैत्री मोडत नाही, कागद नसल्यामुळे मोडलेली मात्र ठिकठिकाणी दिसते. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात. प्राण्याचा मालक एकच, आणि त्याचे नाव अमुक. त्याचे खाणे, लस, डॉक्टर व नासधूस यांचा खर्च त्या एकाचाच. जाणाऱ्याने निदान एक महिना आधी सांगावे, आणि त्याची अनामत नव्या भागीदाराकडून आल्यावर मिळावी. मालक परगावी गेला असता कोणी दोन घास घालावयाचे, आणि त्यास ते मान्य आहे काय? हा शेवटचा प्रश्न तोंडी विचारू नये, दिवस दाखवून विचारावा. गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री टिळक रस्त्यावरून ढोलताशे चालू असतात, दिवाळीत फटाके उडतात, आणि कुत्रे थरथरत पलंगाखाली शिरते. त्या रात्री घरी कोण थांबणार? या प्रश्नास जो क्षणभर विचार करून उत्तर देतो तो भागीदार भरवशाचा. जो हसून ‘बघू तेव्हा’ म्हणतो त्याच्यावर जनावराचा भार टाकू नये.

याचे सार इतकेच की, सहवास कितीही जणांचा असो, पालक एकच असावा. दुसऱ्याच्या मदतीवर सुख वाढवावे; जनावराचे पोट त्या मदतीवर अवलंबून ठेवू नये.

मालकास कसे वळवावे?

दलालास प्रथमच खरे सांगावे. जनावर लपवून घर घेणारे आणि मागून ‘मित्राचे आहे, दोन दिवसांसाठी’ म्हणणारे लोक स्वतःचे तर नुकसान करतातच, पण पुढच्या प्रामाणिक माणसाचे दारही बंद करतात. घर पाहावयास जाताना कागदपत्रांची एक छोटी फाइल बरोबर न्यावी. तीत अलर्क रोगाच्या, म्हणजे रेबीजच्या लसीची नोंद, नसबंदी केली असल्यास त्याचा दाखला, कुत्र्यासाठी महानगरपालिकेचा परवाना आणि शक्य तर पूर्वीच्या घरमालकाचे चार ओळींचे पत्र असावे. शेजाऱ्यांस जनावर दाखवावे; भय बहुधा न पाहिलेल्या गोष्टीचे असते. जागा निवडतानाही जनावराच्या डोळ्यांनी पाहावे. कुत्र्यासाठी हमरस्त्यावरील चौथ्या मजल्यापेक्षा आतल्या गल्लीतील तळमजला बरा. मांजरासाठी खिडक्यांस जाळी हवी. मांजराचा जीव माणसाइतकाच जागेवर जडतो, म्हणून नव्या घरी पहिले काही दिवस त्यास एकाच खोलीत ठेवून मग हळूहळू सारे घर मोकळे करावे.

परवानगी मिळाली की ती करारात लिहून घ्यावी. छापील मसुद्यात प्राण्यांस मनाई करणारे कलम कित्येकदा असतेच. ते न वाचता सही केल्यावर मालकाच्या तोंडी होकाराचा उपयोग होत नाही. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने मालकावर टाकली आहे. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. हल्ली ही नोंदणी घरबसल्या होते, तेव्हा टाळाटाळीस निमित्त उरलेले नाही.

घरमालकांसही आमची विनंती आहे. सरसकट बंदीपेक्षा अट चांगली. प्राणी एकच असावा, लसीचा दाखला दरसाल दाखवावा, जिना व गच्ची स्वच्छ ठेवावी, जाताना रंग लावून द्यावा, आणि हवी तर थोडी अधिक अनामत घ्यावी. असा भाडेकरू सहसा लवकर घर सोडत नाही, कारण त्यास दुसरे मिळणे कठीण असते. दर अकरा महिन्यांनी नवा माणूस व नवी दलाली यांच्या तुलनेत हा व्यवहार तोट्याचा नाही.

परिणामाचा विचार

हे सारे न जमले तर काय होते? तिघे तीन दिशांस जातात, सामान टेम्पोत चढते, आणि वर्षभर गादीवर झोपलेले कुत्रे मंडईच्या बाजूस वा एसटी स्थानकाच्या मागे सोडून दिले जाते. उकिरडा कसा हुंगावा, गल्लीतल्या टोळीपुढे कसे नमावे, यांपैकी त्यास काहीच येत नसते. ते त्याच जिन्यावर परत येऊन बसते, आणि आत नवे बिऱ्हाड असते. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार योग्य कारणावाचून जनावरास उपाशीतापाशी मरण्यासारख्या स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. पण पहिल्या वेळी त्यास दंड दहा ते पन्नास रुपये! इतक्या पैशांत आज त्याच्या एका दिवसाच्या खाण्याचीही सोय होत नाही. तेव्हा दंडाच्या भीतीने हे पाप थांबेल, अशी आशा नको. जिवंत प्राण्यांविषयी दया बाळगणे हे राज्यघटनेतील ५१ अ कलमाने, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीपासून, नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. पण कर्तव्य हे घरातूनच शिकविले जाते.

म्हणून पुण्यास राहणाऱ्या मुलाने वा मुलीने फोनवर ‘आम्ही सगळ्यांनी मिळून एक पिलू आणले’ असे आनंदाने सांगितले, तर घरच्या वडील माणसांनी रागावू नये आणि नुसते कौतुकही करू नये. एवढेच विचारावे : करार अकरा महिन्यांचा, कुत्र्याचे आयुष्य बारा-चौदा वर्षांचे, तुझे भागीदार गेल्यावर, ते घर सुटल्यावर, लग्न झाल्यावर, हे कोणाचे? उत्तर ‘माझे’ असे आले तर त्यास मनापासून साहाय्य करावे, आणि प्रसंगी गावच्या घरी त्या जनावरास चार महिने ठेवून घ्यावे. उत्तर ‘आमचे’ असे आले, तर ते पिलू अजून लहान आहे तोवरच त्याच्यासाठी दुसरे घर शोधावयास सांगावे. ते त्या मुलाच्या आणि त्या पिलाच्याही हिताचे होईल.