भिंगाचा स्वभाव

बंगळुरू शहराच्या आग्नेयेला सर्जापूर नावाचे गाव आहे. कोरमंगलाच्या बाजूने निघून, आगरा तलावाजवळून आणि इब्बलूरचा चौक ओलांडून या गावाकडे जाणारा रस्ता म्हणजे सर्जापूर रोड. एके काळी याच्या दोन्ही अंगांना नाचणीची शेते आणि तळी होती. आज तेथे संगणक-व्यवसायातील कंपन्यांची कार्यालये व उंच निवासी इमारती उभ्या आहेत; विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे आहे. नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबेही या परिसरात स्थिरावली आहेत. जुन्या तळ्यांपैकी कैकोंड्रहळ्ळीचे तळे नागरिकांच्या पुढाकाराने पुन्हा जिवंत झाले असून त्याच्या काठाने सकाळ-संध्याकाळ माणसे फिरतात.

समजा, अशाच एका कुटुंबात सोलापूरहून आजी काही दिवस राहायला आली आहे. नातवाला तिचे एक चांगले छायाचित्र काढायचे आहे. ही इच्छा वरवर साधी वाटते. परंतु आपल्याकडे वडीलधारे माणूस गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्राची शोधाशोध सुरू होते, आणि हाती काय लागते? एखाद्या लग्नातील समूहचित्रातून कापून मोठा केलेला चेहरा, नाही तर ओळखपत्रावरचा करडा चौकोन. ज्या चेहऱ्यावर सारे घर वाढले, त्याचे नीट काढलेले एकही चित्र घरात नसते.

नातवाजवळ नव्या पद्धतीचा मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा आहे. त्याला त्याने जे भिंग लावले आहे ते मात्र सोव्हिएत बनावटीचे, हेलिऑस-44 नावाचे, त्याच्या वडिलांच्या वयाचे. त्यात विजेवर चालणारे काहीच नाही. फोकस जुळवायचा तर बोटांनी कडी फिरवावी लागते. कॅमेरा स्वतःच डोळा शोधून फोकस करीत असताना या खटाटोपाची गरज काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

दगेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची पद्धत 1839 साली जगासमोर आली. तेव्हाची भिंगे इतका थोडा प्रकाश आत घेत, की माणसाला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. इमारतीला ते जमते, माणसाला जमत नाही. 1840 साली व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी गणित मांडून खास व्यक्तिचित्रांसाठी एक भिंग रचले. त्यासाठीच्या प्रचंड आकडेमोडीला तोफखान्यातील हिशेबात तरबेज सैनिकांची मदत मिळाली, असे सांगतात. फोग्टलेंडर या कंपनीने ते भिंग तयार केले. ते आधीच्या भिंगांच्या कित्येक पट प्रकाश आत घेई. त्यामुळे माणसाचे चित्र काढणे हा एक व्यवसाय होऊ शकला. मुंबईत 1854 साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार होते. पुढे गावोगावी स्टुडिओ निघाले. बंगळुरूतील जी. के. वेल हा जुना स्टुडिओ तर व्यक्तिचित्रांसाठीच प्रसिद्ध झाला.

पेट्झवालच्या भिंगात एक उणीव होती. चित्राचा मधला भाग अत्यंत रेखीव येई, पण कडेकडे तो विरघळत जाई. शास्त्राच्या दृष्टीने हा दोष. परंतु चेहरा मध्यभागी असल्यामुळे पाहणाऱ्याची नजर आपोआप तेथेच थांबे. भिंगाच्या ‘स्वभावा’ची गोष्ट येथूनच सुरू होते.

आता ‘वेगवान भिंग’ म्हणजे काय ते पाहू. भिंगाच्या आत पात्यांचे बनलेले एक छिद्र असते; ते लहान-मोठे करता येते. भिंगाच्या नाभीय अंतराला या छिद्राच्या व्यासाने भागले, की जो आकडा येतो तो त्याचा एफ-अंक. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचा छिद्रव्यास 25 मिलिमीटर असेल, तर एफ-अंक 2. अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश अधिक. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम भिंगाचा एफ-अंक लांबच्या टोकाला बहुधा 5.6 असतो. त्याच्या तुलनेत 1.4 अंकाचे भिंग सोळापट प्रकाश आत घेते. संध्याकाळी खिडकीजवळ जेथे शटर एक-अष्टमांश सेकंद उघडे ठेवावे लागले असते आणि आजीची मान हलताच चित्र पुसट झाले असते, तेथे सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. अशा भिंगाला वेगवान म्हणतात ते याच अर्थाने. त्यात कोणताही भाग वेगाने फिरत नाही.

मोठ्या छिद्राचा दुसरा परिणाम असा, की रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची खोली फार कमी होते. पूर्ण आकाराचा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावर पन्नास मिलिमीटरचे, 1.4 अंकाचे भिंग लावून एक मीटरवरून चित्र घेतले, तर ही खोली सुमारे तीन सेंटिमीटर भरते. डोळा रेखीव आला तर कान धूसर येतो. आणि फोकस नाकाच्या शेंड्यावर गेला, तर डोळेच हरवतात. मागची गर्दी, वाहने, वाळत घातलेले कपडे हे सारे विरून जाते आणि चेहरा सुटा होऊन पुढे येतो.

जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर बसतात कशी, हा भाग मोठा गमतीचा आहे. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये एक तिरपा आरसा असे. त्याला हलायला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून बरेच दूर बसवावे लागे. हेलिऑसच्या बैठकीला 42 मिलिमीटर व्यासाचे आटे असतात आणि तेथून फिल्मपर्यंतचे अंतर सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर असते. निकॉनच्या एसएलआर कॅमेऱ्यात हेच अंतर 46.5 मिलिमीटर आहे. म्हणजे त्यावर हेलिऑस बसवले, तर ते एक मिलिमीटर पुढेच राहणार आणि दूरचे दृश्य कधीच स्पष्ट होणार नाही. एका मिलिमीटरने घात होतो तो असा!

2008 साली पॅनासॉनिकने भिंगे बदलता येणारा पहिला मिररलेस कॅमेरा बाजारात आणला. आरसाच नाहीसा झाल्याने भिंग संवेदकाच्या अगदी जवळ आणता येऊ लागले. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात हे अंतर 18 मिलिमीटर, कॅननच्या 20 आणि निकॉनच्या 16 मिलिमीटर आहे. तेव्हा हेलिऑस सोनीवर लावायचे, तर मध्ये साडेसत्तावीस मिलिमीटर लांबीची पोकळ नळी पुरते. या नळीला अडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नसते, त्यामुळे भिंगाच्या गुणात काहीही फरक पडत नाही. कपाटात पडून राहिलेली कितीतरी भिंगे अशा नळ्यांमुळे पुन्हा कामाला लागली.

हेलिऑसची रचना जर्मनीतील त्साइस कंपनीच्या बायोटार या भिंगावरून घेतलेली आहे. त्याची खासियत अशी, की मागे झाडांची पाने असतील आणि त्यांतून आकाशाचे कवडसे दिसत असतील, तर ते कवडसे चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. मध्यभागी प्रकाशाचा ठिपका गोल उमटतो. परंतु कडेला भिंगाच्या नळीमुळे त्याची बाजू कापली जाऊन तो मांजराच्या डोळ्यासारखा लांबट होतो. असे असंख्य लांबट ठिपके मध्याभोवती मांडले गेले, की भोवरा तयार होतो. संवेदक लहान असेल तर कडा चित्राबाहेर जातात आणि भोवराही ओसरतो. काही भिंगे पूर्ण उघड्या छिद्रावर चेहऱ्यावर हलकी झळाळी पसरवतात. भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत मिळत नसल्याचा तो परिणाम होय. जपानच्या जुन्या ताकुमार भिंगांपैकी काहींत थोरियमयुक्त काच वापरली होती. ती वर्षानुवर्षांनी पिवळसर होते आणि चित्राला उबदार छटा देते. आजची महागडी भिंगे हे सारे दोष काढून टाकतात. त्यांच्या अचूकपणाबद्दल वाद नाही. मात्र त्या अचूकपणात चेहऱ्यावरचे प्रत्येक छिद्र मोजता येते, आणि ते प्रत्येक आजीला आवडतेच असे नाही. म्हणूनच जपानची कोसिना कंपनी फोग्टलेंडर या जुन्या नावाने, तसेच चीनमधील सेव्हन-आर्टिझन्स, टीटी-आर्टिझन यांसारख्या कंपन्या हाताने फोकस करायची वेगवान भिंगे आजही नव्याने तयार करीत आहेत.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी कॅमेऱ्यात ‘भिंग नसतानाही शटर चालू द्यावे’ अशी सूचना द्यावी लागते. कारण जुन्या भिंगाशी कॅमेऱ्याचे बोलणेच होत नाही. कॅमेऱ्यात हात हलण्यावरचा उपाय अंगभूत असेल, तर भिंगाचे नाभीय अंतर त्याला आकड्यात सांगावे. मिररलेस कॅमेऱ्यात रेखीव झालेल्या कडा रंगाने उजळून दाखविण्याची सोय असते. ती उपयुक्त खरी, पण मोठ्या छिद्रावर तिच्यावर पूर्ण विसंबू नये. भुवई आणि पापणी यांतला फरक तिला कळेलच असे नाही. त्यापेक्षा आपल्याकडील डोळ्यावर दृश्य मोठे करून पाहावे, कडी सावकाश फिरवावी आणि बुबुळातील खिडकीचे प्रतिबिंब टोकदार दिसले, की शटर दाबावे. बसलेला माणूसही नकळत पुढे-मागे झुलत असतो, म्हणून लागोपाठ तीन-चार चित्रे घ्यावीत. पळणारे मूल किंवा वरमाला घालण्याचा क्षण टिपायला ही पद्धत उपयोगाची नाही.

आजीच्या बाबतीत मात्र तिचा एक अनपेक्षित लाभ होतो. फोकस जुळवायला नातवाला जो वेळ लागतो, त्या वेळात आजी कॅमेरा विसरते. आरंभी ती पदर सावरून, ओठ मिटून, जुन्या स्टुडिओतल्यासारखी ताठ बसलेली असते. मग ‘झाले का रे?’ असे विचारता विचारता तिला हसू येते, आणि हवा असलेला चेहरा तोच असतो.

छिद्र सदैव पूर्ण उघडे ठेवलेच पाहिजे, हा समज मात्र चुकीचा आहे. तेजस्वी आकाशासमोर पांढऱ्या केसांच्या कडेला जांभळी रेघ उमटते. जुन्या भिंगावर समोरून ऊन पडले, तर चित्रावर पांढुरकी साय धरते. छिद्र 2.8 वर आणले, की जांभळी रेघ बरीच कमी होते, दोन्ही डोळे रेखीव येण्याची शक्यता वाढते आणि मागचे तळेही थोडे ओळखू येते. ते ओळखू यावे हेच बरे. आजी बंगळुरूला आली होती, एवढे तरी त्या चित्राने सांगायला हवे. छिद्राचा आकडा कॅमेरा नोंदवून ठेवीत नाही, म्हणून तो वहीत लिहून ठेवावा.

जुने भिंग विकत घेताना ते विजेरीसमोर धरून आतून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय. असे भिंग स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, आणि चांगल्या भिंगांशेजारी तर मुळीच ठेवू नये. छिद्राच्या पात्यांवर तेल आलेले नाही ना आणि कडी कोठेही अडखळत नाही ना, हेही पाहून घ्यावे. कोकण-मुंबईच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. बंगळुरूची हवा त्या मानाने कोरडी असली, तरी पावसाळ्यात भिंग कातडी पिशवीत बंद करून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ते ठेवावे आणि त्या पुड्या ओल्या झाल्या, की बदलाव्यात.