हात कुशल, मन मात्र कामात नाही

शिलाईच्या दुकानातील कटिंग मास्टर कामात तरबेज असतो. पण तोच उशिरा येऊ लागला की नगावर मजुरी घेणारे कारागीरही रिकामे बसतात आणि ईदच्या तोंडावर गिऱ्हाईक तुटते. अशा वेळी मालक एक तर चारचौघांत त्याला बोलतो किंवा पगार वाढवून देतो. दोन्ही उपाय फार दिवस टिकत नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडले की, अपुऱ्या पगाराने नाराजी येते. पण उमेद येते ती कामाची कदर व जबाबदारी यांतून.

म्हणून आधी त्याला एकांतात कारण विचारा. घरी आजारपण आहे, कर्ज आहे की दुकानात त्याच्या शब्दाला मान नाही? पगार थकला असेल तर प्रथम तो चुकता करा. मग एखादे काम, उदाहरणार्थ शेरवानीचे माप, कटिंग व ट्रायल, संपूर्ण त्याच्यावर सोपवा. चांगले झाले तर सर्वांसमोर सांगा. दोन-तीन महिन्यांतही फरक पडला नाही, तर हिशेब करून त्याला मोकळे करा. मात्र तोवर दुसरा हात तयार ठेवा. सारे दुकान एकाच माणसावर ठेवणे ही मालकाचीच चूक असते.