लोणारला मुक्काम हवा

लोणारचं सरोवर पाहून आलेल्या बहुतेकांनी लोणार गाव पाहिलेलं नसतं. वेरूळ-अजिंठ्याच्या सहलीला जोडून किंवा शेगावच्या दर्शनाला जाता-येता गाडी विवराच्या कडेला थांबते, खाली हिरवट पाणी दिसतं, फोटो काढून होतात आणि तासाभरात मंडळी पुढच्या मुक्कामाकडे निघतात. अंधेरी-बोरिवली किंवा मुलुंड-घाटकोपरहून सुटणाऱ्या सहलींच्या वेळापत्रकात लोणारच्या वाट्याला एवढंच येतं. हा एक तास प्रवाशाला अपुरा पडतो आणि सरोवरालाही महाग पडतो, असं मला ठामपणे वाटतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या या शांत तालुक्याच्या गावी निदान एक रात्र काढावी. गाव टाळून सरोवर नीट कळत नाही, आणि ते टिकायचं असेल तर गावाला त्याचा काही लाभ दिसायला हवा.

आधी हे विवर काय आहे ते पाहू. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि कडेपासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरच्या आसपास. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पण आसपासच्या लोकांना ते शतकानुशतकं ठाऊक होतंच. पुराणांत विष्णूने लवणासुराला मारलं ती ही जागा, आणि ‘आईन-ए-अकबरी’त इथल्या साबण आणि काच बनवण्याच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. दख्खनचं सगळं पठारच लाव्हारसाचं असल्याने हे ज्वालामुखीचं तोंड असावं असा अंदाज दीर्घकाळ बांधला जात होता. १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला आणि चित्र पालटलं. इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं होतं. खडकातल्या स्फटिकांवर प्रचंड दाब अचानक आला की त्यांची काचेसारखी अवस्था होते, तिला हे नाव आहे, आणि तेवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. म्हणजे आघात आकाशातून झाला होता. विवराचं वय बरीच वर्षं पन्नास हजारांच्या घरात सांगितलं जायचं. २०१० मध्ये आघातात वितळलेल्या खडकावर आर्गॉन पद्धतीने केलेल्या मापनातून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. लाव्हापासून बनलेल्या बेसाल्ट खडकात झालेली अशी विवरं पृथ्वीवर मोजकी आहेत, आणि चंद्रावर बेसाल्ट मुबलक आहे, म्हणून ग्रहांचा अभ्यास करणारे लोणारकडे वळतात. सायबेरियात पोपिगाई नावाचं उल्काविवर आहे, जवळजवळ शंभर किलोमीटर रुंद. तिथपर्यंत पोचणंच अवघड, आणि पोचलं तरी ते एका नजरेत मावणार नाही. आपलं विवर अख्खं डोळ्यांत मावतं आणि अर्ध्या दिवसात पायी समजूनही घेता येतं. ही केवढी मोठी सोय आहे, याची जाणीव आपल्याकडे अजून पुरेशी नाही.

मात्र ही सोय कडेवर उभं राहून मिळत नाही, खाली उतरावं लागतं. उतरताना लाव्हाचे थर बाहेरच्या बाजूला उचलले गेलेले, तिरके झालेले दिसतात. इतरत्र सह्याद्रीत हेच थर आडवे, सपाट पाहायची आपल्याला सवय असते. त्याहून महत्त्वाची आहे ती पाण्याची गोष्ट. पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून झिरपतं आणि विवराच्या आतल्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. गावाच्या बाजूची धार, सीतान्हाणी, रामगया ही त्यांतली ठिकाणं. हे पाणी गोडं आहे. तेच पाणी खाली सरोवरात पोचलं की खारट आणि तीव्र अल्कधर्मी होतं, कारण सरोवराला बाहेर जायची वाट नाही. पाणी वाफ होऊनच जातं आणि क्षार मागे राहतात. कढईत मीठ आटवावं तसं हे हजारो वर्षं चाललं आहे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. या पाण्यात चिमूटभर हळद टाकली तर ती लालसर होते. प्रयोगशाळेशिवाय पटणारा याहून सोपा पुरावा नाही. पाणी मागे हटलं की काठाच्या काळ्या चिखलावर पांढरी खारपापडी धरते आणि सडलेल्या अंड्यासारखा गंधकाचा वास येतो. काठाशी कमळजा देवीच्या देवळाजवळ लोक सासू-सुनेची विहीर दाखवतात, तिचं अर्धं पाणी गोड आणि अर्धं खारं असं सांगतात. गोड्या झऱ्यांच्या आणि खाऱ्या सरोवराच्या सीमेवर ती बरोबर बसलेली आहे.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या सगळ्या महाराष्ट्राने ते छायाचित्रांत पाहिलं. तेव्हा चमत्कारापासून प्रदूषणापर्यंत सगळे तर्क झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून क्षार वाढले होते आणि त्यात खारं पाणी मानवणारे, लाल रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव फोफावले होते. नमुना प्रयोगशाळेत स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारची रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ स्थळ, म्हणून घोषणा झाली. नांदूर-मधमेश्वरनंतरचं ते राज्यातलं दुसरं. या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट दिसली की पाण्याच्या प्रमाणातला आणि घटकांतला थोडासा फरकही इथली सगळी जीवसृष्टी हलवतो.

आणि पाण्यात हा फरक घडवणारा सर्वांत जवळचा घटक म्हणजे विवराच्या कडेवरचं गाव. लोणार ईशान्येच्या काठाला लागून आहे आणि उतार आत जातो. घरांचं सांडपाणी, धारेवरची आंघोळ आणि कपडे धुणं, एकेकाळी विवराच्या आतच होणारी शेती आणि तिची खतं, या सगळ्याचा निचरा सरोवरात. नदीला असलं काही सोसलं तर पुढे पावसाळ्यात वाहून तरी जातं. बाहेर पडायला वाटच नसलेल्या पाण्यात आलेलं मात्र तिथेच साठतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराच्या रक्षणाचा विषय वर्षानुवर्षं आहे, आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारा मुद्दा या सांडपाण्याचाच. म्हणून मला वाटतं, लोणार सरोवराची गोष्ट खरं म्हणजे लोणार नगरपरिषदेच्या गटारांपासून सुरू होते. फोटो काढून परतणाऱ्याला हे दिसायची शक्यताच नसते.

मुक्कामाच्या या आग्रहावर पहिला आक्षेप उपनगरातल्या माणसालाच सुचेल, आणि तो वजनदार आहे. विहार आणि तुळशी हे तलाव आपण बंद ठेवले, माणसाला तिथे मोकळा प्रवेश नाही, आणि म्हणूनच ते मुंबईला आजही पाणी देतात. मग लोणारही बंदच का करू नये? विहार १८६० च्या सुमारास झाला, तुळशी १८७९ मध्ये. दोन्ही आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत, आणि त्यांच्या काठी गाव नाही, कारण ते बांधताना खोऱ्यातली वस्ती उठवली गेली. लोणारची वस्ती सरोवराच्या काठी किती जुनी आहे ते गावातलं दैत्यसूदनाचं देऊळच सांगतं: चालुक्यकालीन, ताऱ्याच्या आकाराच्या तळावर उभं, बाहेरच्या भिंती मूर्तींनी भरलेल्या. नवरात्रात कमळजा देवीला लोक खाली उतरतात ती रीतही आजची नाही. हे गाव उठणार नाही, आणि उठवूही नये. मग लोणारची तुलना करायची ती विहारशी नाही, पवईशी. पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला गेला, पण ते पाणी पिण्याच्या लायकीचं ठरलं नाही. आज काठाला इमारती आहेत, सांडपाणी येतं, जलपर्णी पसरते. माणसं तलावाजवळ राहायला आली, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्यासाठी घराला जास्त पैसे मोजले, पण त्यांची रोजीरोटी त्या पाण्यावर अवलंबून नव्हती. तिथला सायकल मार्ग मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. तलावात भराव घालून तो बांधला जात होता. माणसाची पाण्याशी जवळीक त्यामुळे वाढली असती, पण ती पाण्याच्या जिवावर.

याच्या पलीकडचं उदाहरण सायबेरियातलं आहे. बैकल सरोवर १,६४२ मीटर खोल आहे. जगातल्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा त्यात आहे, आणि १९९६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. अंगारा नदी त्यातून बाहेर पडते त्या तोंडाशी लिस्तव्यांका हे छोटं गाव आहे, इर्कुत्स्कहून सुमारे सत्तर किलोमीटरवर. लाकडी घरं, सरोवराचं संग्रहालय, आणि रस्त्याच्या कडेला धुरी दिलेले मासे. शहरातून दिवसभरासाठी येणाऱ्यांचं ते आवडतं ठिकाण. एवढं अफाट सरोवर एका गावाने काय बिघडणार, असंच कोणीही म्हणेल. पण गेल्या दशकात शास्त्रज्ञांना लिस्तव्यांकाजवळच्या उथळ पाण्यात स्पायरोगायरा या शेवाळाचे दाट थर आढळले. गावातून नीट प्रक्रिया न होता जमिनीत मुरणाऱ्या सांडपाण्याशी त्यांचा संबंध लावला गेला. बैकलचं खोल पाणी स्वच्छ राहिलं. बाधलं ते गावासमोरचंच काठचं पाणी. आता हे गणित लोणारला लावून पाहा. लोणारचं पाणी काही मीटर खोल आहे आणि व्यास जेमतेम १.२ किलोमीटर. इथे गावासमोरचं पाणी आणि अख्खं सरोवर यांत फरकच उरत नाही.

लिस्तव्यांकाचं उदाहरण माझ्याच विरोधात जातं, असं वाटेल: प्रवासी गेले म्हणूनच सांडपाणी वाढलं, मग लोणारला मुक्कामी माणसं धाडायची कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि त्याची एक अट मी मान्य करतो. नवी हॉटेलं कडेवर किंवा उतारावर उभी राहू नयेत. मुक्कामाच्या खोल्या गावात असाव्यात, आणि सांडपाण्यावर प्रक्रिया होईल तेवढ्याच. पण हे बोलताना प्रवाशांच्या दोन जाती वेगळ्या धराव्या लागतात. तासाभराचा प्रवासी पाण्याची बाटली आणि वेफर्सची पिशवी मागे ठेवून जातो आणि गावात जेवतही नाही. मुक्कामाचा प्रवासी खोली घेतो, खानावळीत ठेचा-भाकरी खातो, रिक्षा करतो आणि सकाळी खाली उतरताना वाट दाखवायला गावातलाच माणूस बरोबर नेतो. गावाच्या चार दुकानांना सरोवर स्वच्छ राहण्यात रस निर्माण होतो तो असा. न्यायालयाचे आदेश येतात, केंद्र आणि राज्य निधी देतात, वन विभाग कुंपण घालतो. पण गटार वळवण्याचा आग्रह नगरपरिषदेकडे वर्षभर, दर आठवड्याला कोण धरणार? गावात राहणारा आणि सरोवरावर पोट असलेला माणूसच. पवईला असा माणूस नव्हता, असं मी मानतो.

‘लोणारला मुक्कामाला आहे तरी काय?’ या आक्षेपावर थोडक्यात बोलता येईल. उन्हाळ्यात जाऊ नये, विदर्भाचं ऊन उतरणीवर सोसत नाही. पावसाळा संपल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत दिवस चांगले. थंडीत पाहुणे पक्षीही असतात. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, गावात साधे लॉज आहेत. रात्री गाव लवकर झोपतं. उपनगरातल्या माणसाला ही उणीव वाटायचं काही कारण नाही; आठवडाभर लोकलच्या गर्दीत उभं राहणाऱ्याला शांतता हवीच असते, फक्त ती तो महाबळेश्वरच्या बाजारात शोधतो.

अंतराची तक्रार तर आता पूर्वीइतकी उरलेली नाही. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, आणि मेहकरला उतरलं की लोणार पंचवीसेक किलोमीटर. गाडी नसेल तर जालन्यापर्यंत रेल्वे. मुलुंड-घाटकोपरकरांनी ठाण्याला बसावं, पुढे एसटी किंवा जीप. दुपारी पोचलात तर पहिली संध्याकाळ दैत्यसूदन देवळाला द्यावी, कारण तिरप्या उन्हात तिथल्या मूर्ती जास्त उठून दिसतात. पहाटे धारेच्या बाजूने खाली उतरावं, बूट चांगले घालावेत, पाणी आणि पुडीत हळद न्यावी, बाटली परत आणावी. सरोवरात उतरू नये. हे अभयारण्य आहे आणि नियम पाळायचेच. कमळजेच्या देवळापर्यंत जाऊन दहाच्या आत वर यावं. जेवण गावात. परतीला सिंदखेडराजावरून जालन्याचा रस्ता धरला तर लखुजी जाधवांचा वाडा, जिजाबाईंचं जन्मस्थान, वाटेवरच आहे. तिथे तास-दीड तास थांबूनही संध्याकाळपर्यंत जालना गाठता येतं.