बहिष्काराचे अर्थकारण

आर्थिक निर्बंध म्हणजे व्यापार, पतपुरवठा आणि रोजगार तोडून एखाद्या समूहाला नमते घेण्यास भाग पाडणे. गावपातळीवर याच उपायाला सामाजिक बहिष्कार म्हणतात. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी पाण्याचा हक्क बजावला, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. परंतु असा हक्क मागणाऱ्यांविरुद्ध बहिष्काराचे हत्यार अधिक काळ टिकणारे होते. आंबेडकर ज्या स्टार्ट समितीचे सदस्य होते, तिच्या १९३०च्या अहवालानुसार, जमीन कसायला न देणे, मजुरी बंद करणे, दुकानातून जिन्नस नाकारणे आणि वहिवाटीच्या वाटा अडवणे ही त्याची रूपे होती. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ पट्ट्यात उपजीविका पावसावरच्या भातशेतीवर अवलंबून असल्याने, ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्याला मजुरी थांबताच मुंबईची वाट धरण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. देशांवरील निर्बंधांतही हेच दिसते: १९९० नंतर इराकवरील निर्बंधांतून औषधांना सूट असूनही झळ सामान्यांनाच बसली. महाराष्ट्राच्या २०१६च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरवला आहे. मात्र बहिष्कृत कुटुंबाला धान्य, काम आणि उपचार तत्काळ मिळाले, तरच त्याचे गाव सुटणार नाही.