परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, प्रवेशाच्या वेळीच

मुळशी तालुक्यातल्या लवळ्यात सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय अभिमत विद्यापीठाचं संकुल डोंगरमाथ्यावर आहे, तर फ्लेम विद्यापीठ डोंगरांच्या कुशीत. अशा चढउताराच्या, धो धो पावसाच्या मुलखात व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी एकच प्रश्न पडतो: वसतिगृहातून वर्गापर्यंत पोहोचायचं कसं? एक फूट चढायला रॅम्पची लांबी किमान १२ फूट हवी, असा नियम आहे. म्हणजे तीन फुटांच्या जोत्याला ३६ फुटांचा रॅम्प. सत्र सुरू झाल्यावर तो आठवड्याभरात बांधून होत नाही. वर्ग तळमजल्यावर घेणं मात्र सहज जमतं, फक्त वेळापत्रक लागण्याआधी कुणीतरी विचारायला हवं.

म्हणून कोणती सोय लागेल, ती कोण आणि कधीपर्यंत करेल, हे विद्यार्थी आणि विद्यापीठानं प्रवेशाच्या वेळीच बसून ठरवावं आणि लिहून ठेवावं. नाहीतर दर सत्रात, दर प्राध्यापकापुढे तीच कहाणी नव्यानं सांगावी लागते. खरं तर प्राध्यापकांना गरज कळली तरी पुरतं. निदानाचा कागद वर्गभर फिरण्याचं काहीच कारण नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ नुसार सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या आहेत. खासगी विद्यापीठंही त्यातून सुटत नाहीत. पाच टक्के आरक्षण तेवढं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांपुरतं आहे. जागा राखीव नाही म्हणून सोयही मागता येणार नाही, असं पालकांनी धरून चालू नये.

११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार खटल्यात हेच आणखी स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडणाऱ्या या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला होता. लेखनिकासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही आणि कोणती सोय द्यायची हे त्या व्यक्तीशी बोलूनच ठरवायला हवं, असं न्यायालयानं बजावलं. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या ओंकार गोंड प्रकरणात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, निव्वळ टक्केवारी पाहून एमबीबीएसचा दरवाजा बंद करता येणार नाही, असंही ठरलं.

लेखनिकाचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा दिली होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिकाला दोन दिवस आधी भेटायची मुभाही त्यांत होती, आणि ती फार मोलाची आहे. गणिताच्या पेपरात वर्गमुळाचं चिन्ह कोणत्या पदापर्यंत ओढायचं, हे लेखनिकाला उमगलं नाही, तर येत असलेलं गणितही चुकतं.

संस्था दाद देत नसेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच, चर्च रोडवर आहे. तिथल्या तक्रारीला प्रवेशाच्या वेळी लिहून ठेवलेल्या, तारीख आणि सही असलेल्या कागदाची प्रत जोडली, की काय ठरलं होतं यावर वाद उरत नाही.