व्यापारी नियतकालिकांसाठी लेखन : अनुभवाचे रीतसर मोल

‘लिहावेसे पुष्कळ वाटते, पण छापणार कोण आणि छापलेच, तर मानधन देणार कोण?’ असा प्रश्न अनेक सुशिक्षित गृहस्थ व गृहिणी विचारतात. लेखन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कथा, कविता व दिवाळी अंक येतात. एखाद्या धंद्यापुरतीच काढलेली नियतकालिके मात्र सहसा आठवत नाहीत. चहा, ताग, चामडे, ओतकाम, छपाई, औषधे, शेतीची अवजारे अशा कितीतरी व्यवसायांची स्वतंत्र मासिके आपल्या देशात निघत आली आहेत. त्यांचा वाचक कामात गढलेला असतो. त्याला भाव, कायद्यातील बदल, नवे यंत्र व नवी बाजारपेठ यांविषयी नेमकी माहिती हवी असते. म्हणून तेथे शैलीपेक्षा विषयाच्या जाणकारीला अधिक किंमत मिळते. वीस-पंचवीस वर्षे एखाद्या धंद्यात घालवलेल्या माणसाजवळ हे भांडवल आधीपासूनच असते.

कोलकात्याचा वारसा

या दृष्टीने कोलकाता शहराचा इतिहास बोधप्रद आहे. १८५५ साली शहराजवळ रिश्रा येथे तागाची पहिली गिरणी उभी राहिली. २७ डिसेंबर १८६१ रोजी कोलकात्यात चहाचा पहिला जाहीर लिलाव झाला. व्यापार वाढला, तशी व्यापारी बातम्यांची गरजही वाढली. १८८८ साली शर्ली ट्रेमर्न यांनी येथे ‘कॅपिटल’ हे अर्थविषयक साप्ताहिक सुरू केले.

याच शहरात एका मराठी माणसाने आर्थिक विषयांवरील लेखनाने मोठे नाव मिळवले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म १८६९ साली देवघरजवळच्या एका गावी, तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात झाला. देवघरच्या शाळेत शिक्षक असताना वृत्तपत्रातील लेखनामुळे त्यांना नोकरीस मुकावे लागले. पुढे कोलकात्यास येऊन ‘हितवादी’ पत्रात मुद्रितशोधक म्हणून त्यांनी काम धरले आणि त्याच पत्राचे ते संपादक झाले. १९०४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ देशाच्या आर्थिक लुटीचा हिशेब मांडतो. १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. या ग्रंथाची बरीचशी सामग्री सरकारी अहवालांतील आकड्यांतूनच घेतलेली होती. सर्वांना उपलब्ध असलेले आकडे जुळवून त्यांचा अर्थ वाचकाला समजावून देणे हे आर्थिक लेखकाचे खरे काम होय, हा धडा आजच्या मुक्त लेखकानेही घ्यावा.

संधी कोठे शोधावी?

पहिली जागा म्हणजे ग्रंथालय. १९५४ च्या कायद्यानुसार व त्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पुस्तकांप्रमाणेच नियतकालिकांच्याही प्रती प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्यावयाच्या असतात. कोलकात्यात अलीपूर भागात बेलव्हेडिअर येथे असलेले राष्ट्रीय ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. मुंबईकरांसाठी एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. एखाद्या दुपारी तेथे बसून आपल्या धंद्याची दोन-तीन मासिके चाळावीत. प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे छापलेली असतात. ती टिपून घेतली की पत्रव्यवहाराची यादी तयार होते.

दुसरी जागा म्हणजे व्यापारी संघटना व चेंबर. त्यांची वार्तापत्रे आणि औद्योगिक प्रदर्शनांच्या स्मरणिका यांना मजकूर लागतोच. तिसरी जागा म्हणजे कंपन्यांच्या गृहपत्रिका. ‘किर्लोस्कर’ मासिकाचा उगम १९२० साली किर्लोस्करवाडीहून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या कारखान्याच्या पत्रिकेत आहे, हे स्मरणात ठेवले म्हणजे अशा पत्रिकांना कोणी कमी लेखणार नाही. मराठीतून लिहू इच्छिणाऱ्यांना शेतीचे क्षेत्र विशेष मोठे आहे. २००५ साली तर ‘ॲग्रोवन’ हे केवळ शेतीला वाहिलेले दैनिकच निघाले.

संपादकाकडे कसे जावे?

पूर्ण लेख लिहून धाडण्याऐवजी आधी एका पानाचा प्रस्ताव पाठवावा. त्यात विषय, तो आताच का महत्त्वाचा आहे, माहिती कोणाकडून मिळवणार, अंदाजे शब्दसंख्या आणि आपला त्या व्यवसायाशी संबंध एवढे असले की पुरे. विषय जितका नेमका, तितकी दखल लवकर घेतली जाते. ‘ओतकाम उद्योगापुढील आव्हाने’ हे शीर्षक कोणीही देईल. ‘हावड्यातील लहान ओतशाळा कोळशाऐवजी वायूकडे वळल्यास टनामागे खर्च कसा बदलतो’ हा विषय मात्र प्रत्यक्ष हिशेब पाहिलेल्यालाच सुचेल. पंधरवड्यात उत्तर न आल्यास एकदा नम्र स्मरणपत्र पाठवावे व त्यानंतर प्रस्ताव दुसरीकडे न्यावा.

मानधनाची बोलणी

येथे आपली माणसे संकोचतात. सरस्वतीच्या कामाचे पैसे कसे मागायचे, असे त्यांना वाटते. परंतु मासिकाला कागदाचे, छपाईचे व टपालाचे पैसे द्यावेच लागतात; मग मजकुराचे का नकोत? प्रस्ताव मान्य होताच मानधनाचा दर, ते स्वीकृतीनंतर मिळणार की प्रसिद्धीनंतर आणि लेख स्वीकारून छापला नाही तर काय, हे तिन्ही मुद्दे लेखी घ्यावेत. साधे पत्र किंवा ई-मेलही उपयोगी पडते. लेखाबरोबर तारीख व पॅन क्रमांक घातलेले बिल पाठवावे. उद्गम करकपात झाल्यास त्याची नोंद ठेवावी व हे उत्पन्न विवरणपत्रात अवश्य दाखवावे.

कॉपीराइटचा विचारही महत्त्वाचा आहे. १९५७ च्या कायद्यानुसार नोकरीत नसलेला मुक्त लेखक सर्वसाधारणपणे आपल्या लेखाचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर तो करार लेखी व सहीनिशी असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ अशा ओळीखाली सही करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

लेखन हाच व्यवसाय करणाऱ्यांनी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी. ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म व लघू उपक्रमांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. ही तरतूद माहीत असलेल्या लेखकाचे स्मरणपत्र सहसा दुर्लक्षिले जात नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना

काम देण्यापूर्वी ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘अनामत’ मागणाऱ्यापासून दूर राहावे. लेखनाच्या व्यवहारात पैसा संपादकाकडून लेखकाकडे येतो; तो उलट वाहू लागला की फसवणूक समजावी. खात्याचा तपशील मानधन जमा होण्यापुरताच द्यावा; ओटीपी व पिन कोणासही सांगू नयेत.

दुसरी सूचना नोकरदारांसाठी, त्यातही आम्हां बँक कर्मचाऱ्यांसाठी. लेखन स्वीकारण्यापूर्वी आपल्या संस्थेचे आचारनियम पाहून आवश्यक ती पूर्वपरवानगी घ्यावी. ग्राहकांची माहिती ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे; तिचा लेखासाठी उपयोग करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अनुभवाची ठेव

या लेखनातून घर चालेलच असे नाही. सुरुवातीचे मानधन अल्पही असेल. तथापि एक मोठी हानी त्यामुळे टळते. चहाची चव पाहून प्रत ठरवणारा जाणकार, तागाचा धागा बोटाने पारखणारा मिस्त्री, आयुष्यभर निर्यातीची कागदपत्रे हाताळलेला कारकून निवृत्त होतो आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच घरी जाते. ते कागदावर उतरले तर पुढच्या पिढीला त्याचा उपयोग होईल, लिहिणाऱ्यालाही रास्त मोबदला मिळेल. वाचकहो, आपल्या अनुभवाची अशी एखादी ठेव पडून असेल, तर पहिला प्रस्ताव याच आठवड्यात लिहा.